पिलाचं नाक मोकळं झालं

बाबा, आज दुपारी पिलू आपल्या तोंडानं जेवलं! हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना.

धान साठवायच्या ढोलीखाली मांजर व्यायली होती. त्यातलं सगळ्यात लहान पिलू, नुकतंच खायला लागलेलं, गेल्या आठवड्यात शिंकू लागलं. मग डोळे चिकटले, नाकातून पिवळा शेंबूड, आणि खाणं बंद. मी घाबरलो आणि तुमचाच उपाय केला. मला सर्दी झाली की तुम्ही निखाऱ्यावर ओवा टाकून धूर द्यायचात. मी तोंड फिरवलं की दटावायचात, "एवढ्याशा धुराले भेते काय बे? जंगलात कसा जाशीन?" ती चूल, तुमचा मानेवरचा जड हात. मी तसंच पिलाला निखाऱ्याजवळ धरलं. ते खोकलं आणि तोंड उघडून धापा टाकू लागलं. मी त्याला झटकन धुरापासून दूर नेलं.

पिशवीत घालून चामोर्शीला गुरांच्या दवाखान्यात नेलं. बैल धरून उभा असलेला एक भाऊ विचारतो, "ढोर कुठी हाये तुयं?" मी पिशवी उघडली. तो म्हणाला, "अरे, हे तं माह्या बैलाच्या कानातही मावन!" सगळे हसले. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. "धूर काऊन दिला भाऊ? याची छाती केवढीशी! असं तोंडानं श्वास घेतला का तडक आणायचं, उद्या पाहू म्हणायचं नाई. अन् माणसाची तापाची गोळी तं बिलकुल द्यायची नाई, जीव जाते." इंजेक्शन देताना त्या म्हणाल्या, "मांजर वासावर जेवते. नाक मोकळं करा, मंग पाहा."

तेव्हापासून मी तेच करून राह्यलो आहे. पिलू बाकीच्यांपासून वेगळं, गोणपाटावर, उबेत. उकळून कोमट केलेल्या पाण्यानं डोळे पुसतो, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. दुसऱ्या पिलांना हात लावण्याआधी साबण. न्हाणीचं दार लावून गरम पाण्याची बादली ठेवतो आणि त्या वाफेत पिलाला मांडीवर घेऊन बसतो. आई बाहेरून म्हणते, "मांजरीच्या जागी तूच बाळंतीण झाला काय रे?"

आज बोडीच्या पाण्यातली मासोळी उकडली, काटे एकेक करून काढले, कोमट असतानाच पुढे ठेवली. पिलाचं नाक हललं. बाबा, हललं! मान लांब करून त्यानं हुंगलं, चाटलं, आणि मग गुरगुरत खाऊ लागलं. मी बोट पुढे केलं तर माझ्यावरच गुरकावलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. पण एक सांगतो. पिलानं पहिला घास घेतला तेव्हा मी "बाबा!" म्हणून ओरडलो, तुम्ही अंगणातच असल्यासारखा. आई धावत आली. मी म्हटलं, पिलाला हाक मारली. आता तीही त्याला बाबाच म्हणते.