पळीचे दोन तुकडे आणि सहा सेल

अण्णा, तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली म्हणून ती मागं घेण्याचा माझा विचार नाही. तुमची संध्येची पळी फार आखूड होती. मधोमध कापल्यावर धरायला दोन-दोन बोटं तांबं उरलं आणि माझे हात भाजले. होय, कापली. ओरडू नका, आधी ऐका.

तुमचा नातू फौजेत आहे. सीमेवर लढाई पेटली आणि त्याची पत्रं थांबली. बातमी म्हणजे घरातला रेडिओ, आणि त्याला लागणारा बॅटरीचा ठोकळा तुळजापुरात मिळेना, नळदुर्गात मिळेना. तुमची सून रोज त्या मुक्या डब्यावरची धूळ पुसते आणि माझ्याकडं बघते. शेवटी नळदुर्गला सडकेवर ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला गाठलं. तो म्हणाला, "टॉर्चचे सहा सेल एकाला एक जोडू की पंडितजी! थोडं तांबं तेवढं आणा." घरात तांबं म्हणजे तुमची पळी. दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रकच्या बॅटरीला दोन जाड वायरी लावल्या आणि त्यांच्या टोकांना पळीचे तुकडे आवळले. सेलच्या बुडावर पत्र्याची पट्टी ठेवायची, तिच्यावर दोन्ही तुकडे दाबायचे. ठिणगी उडते, पट्टी चिकटते. "पापणी लवली की उचला. जास्ती थांबलात तर सेल गेला."

पण शुभकार्याचा आरंभ तुम्ही आम्हाला कसा शिकवलात? तुकडे पट्टीवर टेकवले आणि तोंडातून ओंकार निघाला, तुमच्यासारखाच, लांबलचक. फाट्‌कन आवाज! सेलचं बूड जळून आरपार, आतला काळा चिखल माझ्या उपरण्यावर. मी बधिर. मिस्त्री दोन पावलं मागं उडालेला. "या अल्ला! मंतर घरी म्हणा पंडितजी, इथं फक्त हात उचला!" मग नवा सेल आणला, ओठ मिटले, आणि सहाही जोडले.

दुपारी रेडिओ लावतो. खरखर, आणि एकदम माणसाचा स्वच्छ आवाज. पहिल्याच वाक्यात आपल्या पोराच्या ठाण्याचं नाव. तिथं आपली बरीच माणसं पडली, एवढंच ऐकलं आणि बटण फिरवलं.

"काय म्हणाला हो?" तुमची सून चुलीपाशून विचारते.

"जोड सुटला," मी म्हणतो. आणि ती पिठाचे हात घेऊन बाहेर यायच्या आत पट्टी ओढून खरोखरच तोडतो.

महायुद्धाच्या वेळी मी भरती व्हायला निघालो होतो, आठवतं? तुम्ही मोटारीच्या थांब्यावर ओल्या धोतरानिशी आलात, माझं मनगट धरलंत आणि एवढंच म्हणालात, "चल, जेवण निवतंय." वर्षभर मी तुमच्याशी नीट बोललो नाही. पोरानं विचारलं तेव्हा मी लगेच जा म्हणालो. आपण बापासारखे नाही याचा केवढा अभिमान वाटला होता तेव्हा!

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? वहीतच राहील. अण्णा, तो जिवंत नसेल अशी मला भीती वाटते. तिला अजून सांगितलेलं नाही.