रानमांजराच्या ठरावाला माझा कडाडून विरोध

१७ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या लढ्याची नोंद ज्याची त्याने ठेवलेली बरी, नाहीतर मागून लोक वाटेल ते सांगतात.

लढ्याचं कारण असं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली आहे. १२ डिसेंबरला विशेष ग्रामसभा, विषय एकच: गावच्या शिवारात रानमांजर मारायला, त्याला फास किंवा पिंजरा लावायला बंदी. मोडेल त्याला दंड. सरकारचा कायदा आधीच आहे म्हणे. पण सरकारचा कायदा लांब असतो, त्याचा कुणाला त्रास नाही. आता गावाला स्वतःचा हवा.

आणि आमच्या कोंबड्या? दिवाळीपासून एकेक गायब होतेय. नाताळला फादर आमच्याकडे जेवणार आहेत, त्यांच्यासाठी राखलेला कोंबडा तेवढा शिल्लक. उद्या तोही गेला तर फादरांना काय, ठरावाची झेरॉक्स वाढू?

संध्याकाळी खुराड्याची कडी लावायचं काम माझं. ते मी चोख करतो. बहुतेक रोज.

१८ नोव्हेंबर
संकल्प: ग्रामसभेपर्यंत रोज भाषणाचा सराव. आवाजासाठी गार पाणी बंद. डॉक्टरांसाठी साखरेचा चहा बंद. भाषणाची मला भीती नाही. जन्म कारखान्याच्या टाईम ऑफिसात गेला, युनियनच्या सभा फार जवळून पाहिल्या आहेत. खिडकीतून.

दुपारी आसाराम आला. बांधाला बांध लागून शेजारी. पूर्ण माझ्या बाजूचा. म्हणाला, भाऊ, तुमी म्हनाल तसं. त्याचा शब्द मानणारी घरंही आपलीच धरायची. चहा साखरेचा झाला. पाहुण्याला गोड देऊन आपण फिका पिणं बरं दिसत नाही.

रात्री फिलोमिनाला भाषण ऐकवलं. मेथी निवडत ऐकत होती. म्हणाली, गेल्या साली असल्याच फाशात बिबट्याचं पिल्लू घावलं, तवा त्याची आई नदीच्या वाटंला बसून हुती, कुनाला धुनं धुवाया जाता येत न्हवतं, इसरला काय? म्हटलं, तो मुद्दा वेगळा. म्हणाली, आन आपल्या शेळीचा पाय कापला त्या तारंनं? म्हटलं, शेळीचा मुद्दाही वेगळा. बायकोला राजकारण समजावण्यात अर्थ नाही, पण श्रोता म्हणून चांगली आहे. रोज ऐकवणार.

२१ नोव्हेंबर
कोल्हारला जाऊन पिंजरा करून आणला. वेल्डिंगवाला विचारत होता, घुशीसाठी का? म्हटलं, हक्कासाठी. बंदी यायच्या आत बजावून ठेवलेला बरा. आत सुका बोंबील टांगला. उद्या सकाळी गावाला पुरावाच दाखवतो.

२२ नोव्हेंबर, सकाळी
पिंजऱ्यात सापडला: फादरांचा कोंबडा. बोंबील संपवून निवांत बसला होता. पिंजरा उत्तम चालतो हे सिद्ध झालं.

तो खुराड्याबाहेर आला कसा, हे गूढ आहे. रानमांजराने कडी काढली असावी. हा प्राणी समजतो त्यापेक्षा हुशार आहे. भाषणात मुद्दा घातला.

२५ नोव्हेंबर
आज पिंजऱ्यात आसारामची मनी. त्याची बायको झुंबरबाई बांधावर उभी राहून बोलली. तिने काय काय म्हटलं ते रोजनिशीत शोभणार नाही. आसारामही जरा तुटक बोलला. म्हणाला, भाऊ, ही रानातली न्हाई, घरातली हाय, गळ्यात घुंगरू हाय की.

माणसं जपली पाहिजेत. पिंजरा सरपणाच्या मागे ठेवला. यापुढे लढा फक्त वैचारिक.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी
आज शत्रू समोरासमोर! उसाच्या कडेला, पाटावर. कान उंच, टोकाला काळे केस, पायांवर पट्टे. तोंडात हा एवढा उंदीर. त्याने उंदीर खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, परत उचलला आणि उसात गेलं. घाई म्हणून नाही. इथे कोण वाचतंय म्हणून लिहितो: देखणं होतं. अंगावर काटा आला.

मी अजिबात पळालो नाही. सावकाश घरी आलो. एक चप्पल पाटात राहिली, ती उद्या आणू. फिलोमिनाने विचारलं, धापा का टाकताय? व्यायाम सुरू केलाय म्हणालो.

तोंडातल्या उंदराचा उल्लेख भाषणात करायचा नाही. विरोधक फायदा घेतील.

४ डिसेंबर
सरपंच छबूबाई स्वतः घरी आल्या. म्हणजे पलीकडे घबराट आहे. म्हणाल्या, भाऊ, हिवरे बाजार बघा, गावानं ग्रामसभेत ठरवलं की ठरवलं, तिथं पुना दुसरी गोष्ट न्हाई. मी तिथल्या तिथे सुनावलं: ते पाणी अडवतात, तुम्ही मांजरं अडवताय! नंतर लक्षात आलं, मांजरं अडवणारा मी. त्या हसल्या. चहा घेतला. मग आत फिलोमिनाशी बराच वेळ बोलत बसल्या. बचत गटाचं काहीतरी असेल.

९ डिसेंबर
मनातल्या मनात हात मोजले. काठावर आहोत. थोडे काठाच्या पलीकडे.

पण आज दाढी करताना सुचलं. कोरम! ग्रामसभेला ठराविक माणसं लागतात. ती भरली नाहीत की सभा नाही, सभा नाही की ठराव नाही. आमच्यातलं कुणी सभेला जायचंच नाही! आसारामला घरोघर निरोप द्यायला सांगितलं. तो म्हणाला, आपुन गेलोच न्हाई तर जिकायचं कसं? साध्या माणसाला डावपेच कळत नाहीत.

भाषण वाया जातंय याचं मात्र वाईट वाटतं. शेवट फार चांगला जमला होता.

११ डिसेंबर
ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, ती आज झाली. फिलोमिना ठेवणीतली साडी नेसून गेली. आल्यावर कळलं, बायकांनी बंदीची शिफारस केली. आणि ठरावाची सूचक कोण? सौ. फिलोमिना दानीएल साळवे. माझ्या घरात! माझ्या मिठावर! (मीठ तीच आणते, पण मुद्दा तो नाही.)

म्हणाली, बायांनी तुमच्या भाषनातलं येक येक इचारलं, मला समदी उत्तरं पाठ हुती. रोज ऐकून ऐकून.

असहकार जाहीर केला. आजपासून तिच्या हातचं जेवायचं नाही.

रात्री
शेंगोळे केले होते. गार झाले की त्यांच्यात काही राम राहत नाही. अन्नाचा अपमान नको म्हणून दोनदा घेतले. असहकार उद्यापासून.

१२ डिसेंबर, दुपारी
विजय! दणदणीत विजय! ग्रामसेवक भाऊसाहेबांनी माणसं मोजली, पुन्हा मोजली, घड्याळ पाहिलं आणि सभा तहकूब केली. मी खिडकीतून पाहत होतो. एकही शब्द न बोलता ठराव पाडणारा माणूस या तालुक्यात दुसरा नसेल.

तहकूब सभा पुढच्या शुक्रवारी ठेवली आहे म्हणे. ठेवा. आसारामला सांगितलं, पुन्हा सगळे घरीच. चाललेली युक्ती कशाला बदलायची?

फिलोमिना भाकरी थापत होती. हरलेल्या माणसाला टोचू नये म्हणून मी विषय काढला नाही. फक्त थोडं गुणगुणलो. साखरेचा चहा घेतला, विजय रोज होत नाहीत.

१९ डिसेंबर, संध्याकाळी
आजचं लिहायला नको वाटतंय, तरी लिहितो.

मी एकटाच सभेला गेलो. पलीकडच्यांची फजिती पाहायची होती. पुढे बायका बसलेल्या, मागे थोडे बाप्ये. निम्मीही सभा भरलेली नाही. तरी भाऊसाहेब खुशाल ठराव वाचायला लागले! मी उभा राहिलो, हात वर केला आणि गरजलो: कोरम कुठाय? भाऊसाहेब म्हणाले, साळवे, बसा, तहकूब सभेला कोरम लागत नसतो.

कायद्यात असं आहे. कायदा करणाऱ्यांनी मला विचारायला हवं होतं.

मी तसाच उभा. हात खाली घ्यायचं सुचलं नाही. तेवढ्यात छबूबाईंनी विचारलं, सूचक फिलोमिनाताई हायेत, अनुमोदक कोन? आणि सगळ्या सभेने माझ्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं. टाळ्या पडल्या. भाऊसाहेबांनी माझं नाव लिहिलंसुद्धा.

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण फिलोमिना वळून बघत होती. लग्नाच्या दिवशीही तिने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

ठराव एकमताने मंजूर. छबूबाईंनी जाहीर आभार मानले. म्हणाल्या, इरोधातलं येक बी मानूस भाऊंनी सभंला येऊ दिलं न्हाई, दोन डाव समद्यांना घरी बसवलं, असं काम कुनाला जमलं नसतं. यात खोटं काही नव्हतं. मग पिंजरे जमा करायची सुरुवात अनुमोदकाच्या घरापासून झाली. पिंजरा हातात घेऊन फोटो काढला.

घरी येताना फिलोमिना वाटेत थांबली. म्हणाली, मला वाटलंच न्हवतं, तुमी चार मान्सांत माझ्या बाजूनं उभं ऱ्हाताल. डोळे पुसत होती. माझाही जीव भरून आला, खरंच आला. आता हिला काय सांगू?

२० डिसेंबर, सकाळी
रात्रभर विचार केला. नीट पाहिलं तर मी पहिल्यापासून ठरावाच्याच बाजूने होतो. वरवरचा विरोध होता तो डाव. मोठी कामं अशीच करावी लागतात, जवळच्या माणसालाही कळू न देता. मन हलकं झालं. चहा फिका घेतला.

आसाराम बांधावर आला. आत ये म्हटलं तर आला नाही. ग्रुपवर माझा पिंजऱ्यासकट फोटो फिरतोय. म्हणाला, भाऊ, बंदी तुमालाच पायजे हुती, तर आमाला दोनदा घरी का बसवलं?

म्हटलं, थांब, आत फोन वाजतोय. फोन माझ्या हातात होता.