वाळूखाली नसलेलं घर

बाबा, तुमचं घर वाळूखाली गेलेलं नाही. ते जागेवर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे सारवलेलं अंगण आणि त्यात वाळत घातलेली आमसुलं. मी त्या घरात पोटभर पेज जेवून जयपूरला परत आले आहे, तेव्हा आता ऐकून घ्या. तुम्ही होतात तोवर तुमच्यापुढे आवाज चढवायची आमची कुणाची टाप नव्हती. ती कसर आज भरून काढते.

जयपूरच्या झोटवाड्यातलं आपलं घर आठवतं? मे महिन्यात आंधी आली की खिडक्या लावूनही भांड्याकुंड्यांत वाळू. आई केर काढून काढून कावलेली, आणि तुम्ही खुर्चीतून म्हणायचात, "एवढ्याशा वाळूचं काय घेऊन बसलीस? माझं अख्खं घर वाळूत गेलं." की आई पुन्हा केरसुणी उचलायची. एका रविवारी तुम्ही आम्हाला स्कूटरवरून चौमूं गावाच्या पुढे वाळूच्या टेकडीवर नेलंत. "हे बघ, आपला गाव असाच. फक्त इथे समुद्र आणायचा राहिलाय." मी खिदळत खाली गडगडतेय, आई पायथ्याशी डोक्यावर पदर घेऊन उभी आहे. तिने एवढंच विचारलं, "मग घर नेमकं कुठल्या टेकडीखाली आहे हो?" तुम्ही तिच्या अंगावर ओरडलात, "गेलं म्हटलं ना एकदा!" सांगलीहून नवरी होऊन आलेली बाई ती. तिने माप ओलांडलं ते फौजेच्या क्वार्टरच्या दारात. सासरचा उंबरा आपल्या नशिबातच नव्हता, असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. मागच्या थंडीत ती गेली. जाण्याआधी मला म्हणाली, "कधी तिकडे गेलीस तर त्या वाळूची तरी माझ्या नावाने ओटी भर."

आमची कंपनी हॉटेलांना सांगानेरी छापाच्या चादरी आणि पडदे पुरवते. मालवणकडे एक नवं हॉटेल होतंय, त्याच्या कामाला मला पाठवलं. मध्ये एक दिवस सुट्टीचा आला. बाकीचे डॉल्फिन बघायला होडीत बसले आणि मी खण-नारळ घेऊन रिक्षाने तिथून जवळच्या तुमच्या गावी गेले. सुरूच्या झाडांमागे किनाऱ्यालगत वाळूच्या टेकड्या होत्या. चौमूंसारख्या अजिबात नाहीत, बाबा. अंगभर हिरव्या वेली, जांभळी फुलं, वरून पाय पोळतात आणि जरा उकरलं की ओल लागते. मी सगळ्यांत उंच टेकडी निवडली. मोठं घर झाकायचं तर मोठीच टेकडी लागणार, असा माझा हिशेब. चपला काढल्या, वर जाऊन खण पसरला, त्यावर नारळ आणि तांदूळ ठेवले, आणि म्हणाले, आई, हे तुझं सासर. मग रडले. चांगली हुंदके देऊन रडले, एका वाळूच्या ढिगापुढे!

तेवढ्यात मागून कोणीतरी खेकसलं, "गो बाय, वेलीर पाय देव नको! आणि नारळ थंय कित्याक ठेवतंस? थंय देव नाय, काय नाय!" हातात कोयता, नऊवारी खोचलेली, वाळकुडी म्हातारी. मी माझ्या हिंदीमिश्रित मराठीत सांगितलं, "मतलब, इथे खाली माझ्या बाबांचं घर आहे." तिने तुमचं नाव विचारलं. मी सांगितलं तशी ती आहे तिथेच वाळूत बसली. "वाळूखाली? असां सांगल्यान तेणां?" असं म्हणून हसायला लागली, आणि हसता हसताच कोयत्याने टेकडीच्या मागे दाखवलं. तिथे कौलं दिसत होती.

तुम्हाला सख्खी बहीण आहे, हे मला त्या टेकडीवर कळलं.

पुढचं तिने मला चुलीपुढे बसवून सांगितलं. तुमच्या लग्नाआधी आजोबा गेले तेव्हा तुम्ही सरहद्दीवर होतात, रजा मिळायला उशीर झाला. "तार केली, वाट बघली. उन्हाळ्याचे दिस. मढां किती येळ ठेवतलंव? भावकीतलो एक पुढे येय ना. मगे मी दिलंय आग." तुम्ही पोचलात तेव्हा सगळं उरकलं होतं. तुम्ही खांद्यावरची ट्रंकसुद्धा खाली ठेवली नाहीत. अंगणातूनच तिला म्हणालात, "आजपासून तू माका मेलंस," आणि पाणीही न पिता माघारी फिरलात. बापाला अग्नी दिलेली मुलगी, तिचं लग्न झालं नाही. "आग दिलेल्या चेडवाक कोण पदरात घेता?" हे ती मला पेज वाढता वाढता म्हणाली. वाळू खरंच अंगणात यायची. तिने माडाच्या झावळ्यांचे झाप आडवे बांधले, समुद्राकडून जांभळ्या फुलांच्या त्या मर्यादवेलीचे तुकडे आणून लावले, केवडा लावला, आणि टेकडी तिथल्या तिथे थोपवून धरली. तुम्ही जे घर बुडालं म्हणून सांगत होतात, ते ती एकटी राखत होती.

आता माझं ऐका. मिलिटरी हॉस्पिटलात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "मुलगा नाही म्हणून कोणाला शोधत बसू नकोस. अग्नी तूच दे." मी दिला. नातेवाईक कुजबुजले, मी ऐकून घेतलं, कारण माझ्या बाबांनी सांगितलं होतं. आजवर हे मी सगळीकडे मिरवलं, ऑफिसात, मैत्रिणींत, की माझे वडील असे होते म्हणून. अहो, ज्यासाठी बहिणीचं आयुष्य मातीत घातलंत, तेच लेकीकडून हक्काने करून घेतलंत! तेव्हा तुम्हाला ती आठवली नाही? आठवली असेल तर एक पत्र टाकता आलं नाही? आईला एकदा तो उंबरा दाखवला असता तर तुमचं काय जात होतं? मला संताप येतो, बाबा. चितेपुढे मी ताठ उभी होते, त्या ताठपणाचं आता मी काय करू?

खण-नारळ मी टेकडीवरून उचलून आणला आणि आत्याची ओटी भरली. ती "माजी कित्याक गो, माजां लगीन खंय झालां?" म्हणत राहिली, पण पदर मात्र पुढे केलाच. निघताना तिने मला उंबऱ्यात थांबवलं. माझ्याकडे न बघता, कोयत्याची मूठ पुसत विचारलं, "शेवटाक माजां नाव काढल्यान काय गो?"

हे पत्र कुठे धाडायचं नाही. तुमच्या गावच्या घरी नेऊन ठेवावं तर आत्याच्या हाती पडेल, आणि ते मला चालणार नाही. कारण मी तिला "हो" म्हणाले. दोनदा नाव घेतलं म्हणाले. तुम्ही एकदाही घेतलं नव्हतं, बाबा, आणि खोटं बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, अगदी तुमच्यासारखा.