बॉनेटवरची हळद

श्रीरंग,

आईला एअरपोर्टवर सोडायला चाललेय. दिवाळीपर्यंत राहायला आलेली बाई तिकीट बदलून आजच निघालीय. तू उठायच्या आत निघायचं, हेही तिनेच ठरवलं. "जावयाला तोंड कसं दाखवू?" म्हणते. तोंड लपवायचं कुणी आणि लपवतंय कोण!

तुझी ती जुनी मस्टँग गाडी तिकडे मुसफ्फातल्या गॅरेजमधून रंगवून आली, तेव्हा "आई, पूजा तुमच्याच हातची हवी" असं कोण म्हणालं होतं? रंग अजून कच्चा आहे, हे तुला माहीत होतं. तिला सांगायचं सोडून तू तुझ्या त्या 'हबीबी' दोस्तांबरोबर सेल्फी काढत बसलास. तिने चिपळूणहून आणलेली घरची हळद भिजवून बॉनेटवर स्वस्तिक काढलं, तर अख्ख्या पार्किंगसमोर "अडाणी" म्हणून तिचा हात झटकलास. ती बिचारी पदराने पुसायला गेली आणि डाग आणखी पसरला, तर पुन्हा ओरडलास.

दोन वर्षं त्या भंगाराचा एकेक नटबोल्ट फुलासारखा जपलास. माझ्या आईचा हात काय रस्त्यावर पडला होता?

फ्रिजमध्ये पुरणपोळ्या आहेत. तुला आवडतात म्हणून काल तिनेच केल्यात. खा, नाहीतर फेक. मी एअरपोर्टवरून शारजाला ताईकडे जाणार आहे. फोन करू नकोस.

आत्ता दारात चपला घालताना ती विचारतेय, "डाग निघाला का गं?"

मी हो म्हटलंय. तिचा फोन आला तर तूही तेच सांगायचंस.

उर्मिला