अर्ध्या लाल पट्ट्या

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी दोन्ही वेळा नीट जेवते, काळजी नको.

तुम्हा तिघांच्या रक्ताच्या तपासणीचा निकाल मी इथे प्रयोगशाळेत इंटरनेटच्या एका पानावर बघत होते. त्यात प्रत्येकाची जनुकं रंगीत पट्ट्यांत दिसतात आणि बदल असेल तिथे पट्टी लाल होते. तीन दिवस मला काहीच सापडेना. शेवटी शेजारच्या टेबलावरची ताई म्हणाली, "अगं, वर कोपऱ्यात बघ! जुना नकाशा लावून नवा पत्ता शोधतेस." कुठलं जनुक कुठे आहे ते सांगणाऱ्या नकाशाची मी जुनी आवृत्ती लावली होती. मी कपाळावर हात मारला. नकाशा बदलला आणि पत्ता लगेच लागला.

त्या जागी धाकट्याच्या सगळ्या पट्ट्या लाल आहेत. तुझ्या अर्ध्या, बाबांच्याही अर्ध्या; अर्ध्यांनी दुखणं होत नाही. म्हणजे तो बदल तुम्हा दोघांत जन्मापासूनच होता आणि त्याला दोघांकडून मिळाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखण्याला नाव मिळालं, आता व्यायाम नेमका ठरवता येईल. जिना चढताना तो अजून कठडा धरतो का? बाबांना म्हणावं, घाई करू नका त्याला.

माझंही रक्त दिलंय. सहजच, कळलेलं बरं.

आणि आई, तो पोटात असताना तू तापाच्या दोन गोळ्या घेतल्यास, त्यांचा यात काडीचाही संबंध नाही. आत्या काहीही म्हणो. तेव्हापासून चौदा वर्षं तू कपाळाला फडकं बांधून बसतेस, मला दिसत नाही का?

आता डोकं दुखलं तर गोळी घे.

तुझी,
थोरली