टीव्ही माझा, नट लवूचे

२ सप्टेंबर २००७, रविवार

टीव्ही आला. बत्तीस इंची एलसीडी. निकेतने मुंबईहून पाठवला. मागोमाग त्याचा फोन. बाबा, कुडाळहून कंपनीचा माणूस येईल, तोच भिंतीवर बसवेल, तुम्ही हात लावू नका. बरं म्हटलं. लगेच कुडाळला फोन करून त्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं. आचऱ्याच्या तिठ्यावर इतकी वर्षं लोकांचे पाण्याचे पंप उघडून दुरुस्त करतोय. कोणाकडे शिकायला गेलो नाही. चार बोल्टांसाठी बाहेरचा माणूस कशाला?

जागा ठरवली. बाहेरच्या खोलीच्या तीन भिंतींना अजून पावसाची ओल. एकच भिंत बारमाही कोरडी. पलीकडे लवूची चूल आहे म्हणून. इलेक्ट्रॉनिक वस्तूला ऊब चांगली.

लवू म्हणजे माझा धाकटा भाऊ. घर पूर्वी एकच होतं. मधली भिंत मी घातली, अकरा वर्षांपूर्वी. मी बाहेरच्या खोलीला कोबा केला, पाणी ह्याच्या चुलीत गेलं आणि हा चार माणसांसमोर म्हणाला, दादा, लेव्हल चुकली. मी मुस्काटात दिली. त्याने मला मोरीत ढकललं. तेव्हापासून बोलणं बंद. भिंत एकट्याने उभी केली. जागा वाचावी म्हणून जांभ्याचे चिरे आडवे न ठेवता उभे लावले, मातीत. गवंड्याला सुचलं नसतं.

टीव्हीच्या माहितीपुस्तकात एक चित्र आहे. कोणा साहेबाची खोली, भिंतीत शेकोटी, तिच्यावर टीव्ही आणि त्यावर लाल फुली. म्हणजे जाळावर बसवू नका. पण साहेबाचा जाळ साहेबाच्याच खोलीत आहे. माझा जाळ लवूच्या हद्दीत. नियम लागू नाही.

उद्या सकाळी काम पूर्ण.

३ सप्टेंबर, सोमवार

ड्रिल लावलं. चिरा भाकरीसारखा. बिट आत गेलं ते थांबेना, पलीकडे निघालं. पलीकडून सुभद्रा, म्हणजे लवूची बायको, किंचाळली. चिऱ्याचा ढलपा चुलीवरच्या बांगड्याच्या तिखल्यात पडला असं नंतर कळलं. मी ड्रिल मागे ओढणार इतक्यात लवूने तिकडून सांडशीने बिट धरलं. ड्रिल चालू. बिट फिरेना म्हणून ड्रिल फिरलं. मुठीचा दांडा माझ्या जबड्यावर बसला. एक दात गेला. तो हलतच होता.

ड्रिलच्या ताकदीबद्दल शंका उरली नाही.

५ सप्टेंबर, बुधवार

प्लास्टिकचे प्लग चिऱ्यात धरत नाहीत. बोटाने ओढले तरी बाहेर. भुसा. उपाय काढला. आरपार बोल्ट. डोकं माझ्या बाजूला, नट पलीकडे. ट्रक लटकवला तरी हलणार नाही.

अडचण एकच. नट कसायला पलीकडे जावं लागेल. माझी बायको सुशीला म्हणाली, एकदा हाक मारा त्याला, भाऊच आहे. तिला समजावलं की प्रश्न तांत्रिक आहे, नात्याचा नाही. ती म्हणाली, "तुमच्या हातात पानो दिसलो की माका देव आठवतत."

६ सप्टेंबर, गुरुवार

लवू रापणीवर जाळं ओढायला, सुभद्रा बाजारात. मागच्या दाराने आत गेलो. चोरून नव्हे, दार उघडंच होतं. चुलीच्या कट्ट्यावर उभा राहून तीन नट कसले. चौथा हातात, तेवढ्यात सुभद्रा आली.  हिरांची केरसुणी घेतली आणि पाठीत घातली. मग पोटऱ्यांवर. केरसुणी तुटली तेव्हा चुलीतलं लाकूड काढलं. जळतं. लेंगा पेटला. पण मी चौथा नट कसला आणि मगच पळालो. वॉशर घालायचा राहिला.

सुशीलेने भाजल्यावर खोबरेल लावलं. एक शब्द बोलली नाही. कौतुक शब्दात मावत नसावं.

८ सप्टेंबर, शनिवार

टीव्ही चढला. लेव्हल लावून बघितली, बुडबुडा मधोमध. वाडीतली माणसं बघून गेली. शेजारचा बाबली म्हणाला, एवढ्या मोठ्या टीव्हीत बातम्या देणारी बाई आपल्यालाच रागावतेय असं वाटतं. ह्याला पिक्चर क्वालिटी म्हणतात.

ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाच्या फायनलला सगळ्या वाडीला आमंत्रण देणार. एक घर सोडून.

९ सप्टेंबर, रविवार

टीव्ही डावीकडे कलला. करंगळीभर.

शोध घेतला. पलीकडे निघालेल्या बोल्टांवर सुभद्रेने सुक्या बांगड्यांची पिशवी, कोयती आणि सोललेल्या नारळांची जोडी टांगली आहे. सुशीलेबरोबर निरोप पाठवला की ते बोल्ट माझे आहेत, सामान काढावं. उत्तर आलं, "माज्या रांदपाच्या खोलयेत जां उगावला तां माजा. भावोजींका म्हणाव, आणखी एक ठोका, सूप लावूक होया."

ह्या बाईला भाराचं गणित माहीत नाही.

११ सप्टेंबर, मंगळवार

आज मुद्दाम केलं. बातम्या चालू असताना टीव्ही एकदम वीतभर खाली आला. लवूने पाना लावून नट सैल केला. स्पष्ट आवाज आला.

मी शांतपणे हातोडा घेतला आणि भिंतीवर एक घातला. समज म्हणून. पलीकडून दोन आले. मी चार घातले. मग मोजले नाहीत. त्याच्या बाजूचा गिलावा सुभद्रेच्या भाकरीवर पडला, माझ्या बाजूला आईचा फोटो पडून फुटला. मग दोघेही अंगणात. त्याने माझी गचांडी धरली, मी त्याचा कान. कान सोडला नाही. तो रक्ताळला. त्याने नारळ उचलून माझ्या कपाळावर हाणला. बाबली सोडवायला मधे पडला, त्याला दोघांचं मिळून जास्त बसलं. माझ्या खिशातली लेव्हल अंगणात पडली, किरकोळ तडा.

कपाळाला टाके. डॉक्टरांनी कारण विचारलं. नारळ पडला म्हटलं. लवू शेजारच्याच बाकावर कान धरून बसला होता. त्यानेही नारळच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, एकाच झाडाचे दिसतात.

संकल्प: ह्यापुढे हात उचलायचा नाही. पाय चालेल.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या चतुर्थी. घर दोन झालं तरी गणपती एकच आहे आणि तो माझ्या खोलीत बसतो. सात दिवस लवूला आत यावं लागणार. सात दिवस मारामारी नाही. हे कोणी ठरवलेलं नाही, असंच आहे.

बाबली हात बांधलेला घेऊन गणपतीवरची माटवी बांधायला आला. वर टीव्हीकडे बघून म्हणाला, "दादानू, रागाव नकात. टीव्ही तुमचो, पण नट लवूचे."

विचार करण्यासारखं काही नाही.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

विसर्जन झालं. सात दिवस लवू रोज आरतीला आला. झांज माझ्या कानाशी वाजवली. मीही टाळ त्याच्या दुखऱ्या कानाशी धरला. आरत्या इतक्या मोठ्याने कधी झाल्या नव्हत्या. लोक म्हणाले, भक्ती वाढली.

टीव्हीवर पंचा टाकला होता. लवू रोज आरती संपली की पंच्याच्या तिरक्या कडेकडे बघून मान थोडी कलती करायचा.  मला ते मुस्काटात मारल्यापेक्षा जास्त लागलं. उगाच.

नदीवर पाटाला दोघांचे हात लागले. पाण्यात तो पुढे होता, पाय घसरला, मी त्याचा दंड धरला. पाट वाकडा झाला असता म्हणून.

२३ सप्टेंबर, रविवार

उद्या फायनल. समोर पाकिस्तान. वाडी येणार. बसायला चटया आणल्या, सुशीला पोहे करणार.

लवूचा निरोप बाबलीने आणला. मॅच सुरू झाली की चारही नट काढणार. कोपर मोडलं तरी काढणार. मीही उलट निरोप दिला, नटाला हात लावलास तर तो हात रापणीला लावायच्या लायकीचा ठेवणार नाही. बाबली म्हणाला, मी काय पोस्टमन आहे का, माझ्या दोन बरगड्या अजून दुखतात.

उपाय रात्री अंथरुणात सुचला. नट सैल कधी होतो? बोल्ट जागेवर राहिला आणि नट फिरला तर. नटाबरोबर बोल्टही फिरला तर? काहीच सैल होत नाही. म्हणजे तो तिकडून जितका फिरवेल, तितकाच मी इकडून बोल्टाचं डोकं फिरवायचं, त्याच्याच दिशेने. साधं विज्ञान. पान्याला दोन हात लांब पाइप जोडला. पलीकडून बघता येत नाही, त्यामुळे तो थकेल आणि त्याला कारण कळणार नाही.

२४ सप्टेंबर, सोमवार, दुपार

सर्व तयारी पूर्ण. केबल चालू, लाइट आहे. डावीकडे पाचर ठोकली, लेव्हलचा बुडबुडा पुन्हा मधोमध. टीव्हीच्या खाली स्टुलावर बसणार, पाना हातात. आज लवू हरणार.

२५ सप्टेंबर, मंगळवार

कालचं लिहायचं राहिलं.

मॅच सुरू झाली आणि बोल्ट हलला. त्याने फिरवला, मी फिरवला. तो जोर लावी, मी त्याच्याबरोबर. दोघांनी मिळून बोल्ट असा फिरवला, जसं आईचं जातं फिरायचं. विज्ञान बरोबर होतं, नट सैल झाला नाही. पण भोकातून चिऱ्याचा लाल भुसा पडायला लागला. माझ्या मांडीवर ढीग झाला. लोकांनी ओरडून सांगितलं असं म्हणतात. मी ऐकलं नाही. त्या बाजूला तो धापा टाकत होता ते मात्र स्पष्ट ऐकू येत होतं. दम्याचं लहानपणापासून आहे.

मग भिंत गेली. माझ्या बाजूने नाही, त्याच्या. उभे चिरे एकावर एक. टीव्ही भिंतीबरोबर पलीकडे गेला आणि चुलीत पडला. शेकोटीवर लावू नये म्हणून चित्र होतं. शेकोटीत पडला तर काय, ह्याबद्दल पुस्तकात काही नाही.

धुरळ्यात लवू दिसेना. आवाज नाही. धापही नाही.

चिरे हातांनी काढले. पहार दाराआडच होती, आठवली नाही. चिऱ्यांची अवस्था बघायची होती. दोन नखं गेली. सुभद्रा माझ्या पाठीवर बुक्के मारत होती आणि माझ्याबरोबरच चिरे उपसत होती, दोन्ही एकदम. बाबली सांगतो की मी लवूच्या नावाने ओरडत होतो. खूप वेळ ओरडत होतो म्हणतो. बाबलीच्या सांगण्यावर जाऊ नये.

खाली पाय सापडला. मग तो सापडला. तोंडात लाल माती. मी बोट घालून काढली. त्याने माझं बोट चावलं. जोरात. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. धुरळा डोळ्यात गेला.

पाय दोन ठिकाणी मोडला. दवाखान्यात नेताना टेम्पोत पाय मी धरला, खड्ड्यात हलू नये म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? दोघेही गप्प. डॉक्टर म्हणाले, नारळ?

मॅच आपण जिंकलो. वाडीत कोणीच बघितली नाही.

२९ सप्टेंबर, शनिवार

लवू प्लास्टर घालून माझ्या खोलीत खाटेवर. त्याच्या स्वयंपाकघराची कौलं अर्धी उतरली आहेत, म्हणून. तात्पुरतं आहे. भिंतीच्या जागी आरपार दिसतं. त्याची चूल, पलीकडे त्याची केळ. सुशीला आणि सुभद्रा तिथून ये-जा करतात, दार असल्यासारखी. सुभद्रेने मला सोलकढी दिली. विष नव्हतं.

संकल्प: पावसाळा संपला की नवी भिंत. नऊ इंची, चिरे आडवे, सिमेंटमध्ये. मजबूत. सुशीला म्हणते, चौकट ठेवा. बघू. धुराला वाट लागतेच, तांत्रिकदृष्ट्या.

चार दिवस लवू बोलला नाही, मीही नाही. तो छपराकडे बघतो, मी बोल्टाच्या भोकाकडे बघतो, जे आता नाही.

आज दुपारी त्याने मान माझ्याकडे वळवली. म्हणाला, "दादा, लेव्हल चुकली हा."

अकरा वर्षांनी. तेच. माझा हात उठला.

मग त्याने खाटेकडे बोट केलं. डोक्याची बाजू खाली, पायाची वर. मोडक्या पायातलं सगळं डोक्याकडे उतरतं, रात्रभर झोप नाही. खाट चांगली आहे, मी तपासली. मग उठलेला हात खाली घेतला आणि खाटेखाली घातला. जमिनीवर लेव्हल ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. चुलीच्या उलट बाजूला. म्हणजे उतार चुलीकडे. अंगणातल्या मारामारीत काच तडकली होती, त्याचा परिणाम असावा. फिरवून ठेवली. पुन्हा उतार चुलीकडेच.

खाटेच्या डोक्याकडच्या पायाखाली काहीतरी घालायला हवं होतं. टीव्हीचं माहितीपुस्तक हाताशी होतं. घडी करून सरकवलं. पुरलं नाही. वॉरंटी कार्डही घातलं.

मग लेव्हल खाटेच्या दांडीवर ठेवली, बुडबुडा मध्ये आला. लवू झोपला.