दारावरची विषारी कमान

१५ जून २००३, रविवार
कॅटलॉगवरून मागवलेलं पाकीट पोस्टानं आलं. परदेशी शोभेचा वेल. फुलं जांभळी, शेंगाही जांभळ्या. आठ बिया. काळ्या, कडेला पांढरी रेघ. दाराच्या दोन्ही अंगांना चार-चार लावल्या, इंचभर खोल, रेघ वरती. रेघ खाली गेली तर कोंब भरकटतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, माझं मी शोधलंय. बायको म्हणाली, असल्या बिया तर तांड्यावर माझ्या मायच्या डब्यात व्हत्या. हिचं सगळं माहेरी पाहून झालेलं असतं.

२८ जून
सहा उगवल्या. दोन बिया सदोष.
दिवाळीनंतर गोरेगावचे प्रेमदासराव आमच्या निलमला मुलासाठी बघायला येणार. शेतकी खात्यातून रिटायर. मागचं स्थळ 'घर अगदीच साधं' म्हणून परत गेलं. या वेळी दारावर फुलांची कमान असेल.

१७ ऑगस्ट
पानं तळहाताएवढी. फूल नाही. युरिया दुप्पट केला. शेजारच्या पद्माबाई म्हणाल्या, भाऊजी, काहून युरिया टाकून राहिले, नुसता पाला माजंल. त्यांचा शास्त्राशी संबंध नाही.

५ ऑक्टोबर, सकाळी ७
नुसता पाला. वेल हवामानाशी जुळवून घेतोय. युरिया बंद केला, मूळ योजनेप्रमाणेच.

१६ नोव्हेंबर
कमान भरली! फुलं, शेंगा, सगळं. पद्माबाई पदरात शेंगा घेताना दिसल्या. फाटकावर पाटी लावली : 'परदेशी वेल. शेंगा विषारी. हात लावू नये.' विषारी नसाव्यात. पण शिस्त लागते.

२३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी ५
चौघं येणार होते, जीपमधून नऊ उतरले. स्वयंपाक होईतो त्यांना मागे नेऊन खताचा खड्डा दाखवला. चाळीस मिनिटं.
जेवताना वेलाची माहिती दिली. शेंगा विषारी, फक्त शोभेच्या. प्रेमदासरावांचा घास हातातच राहिला. म्हणाले, साहेब, मग ही भाजी कशाची? भाजीतल्या शेंगा हिरव्या होत्या. मी सांगितलं, बाजारातली. बायको आतून म्हणाली, कुठला बाजार! दारावरच्याच हायत, शिजल्या की हिरव्या व्हतात. नऊ माणसाला भाजी पुरंना, निलमनं तोडल्या अन् केल्या.
प्रेमदासराव म्हणाले, हा वाल आमच्या बांधावर बी आहे, पण अशी भाजी आमच्या घरी कधी झाली न्हाई. पोरगी पसंत.
जाताना त्यांनी पाटी मोठ्यानं वाचली. कुणी लावली, विचारलं. म्हणालो, आधीच्या भाडेकरूनं.

२४ नोव्हेंबर
स्थळ वेलामुळेच जमलं. जूनमध्येच मी हे लिहून ठेवलंय.
पाटी काढली. बायकोनं विचारलं, डब्याला काय देऊ. म्हणालो, वाल दे. कोवळ्या बघून तोड.